कुरकुर आणि गाऱ्हाणें

मराठी भाषा ज्या कांहीं बाबतींत विलक्षण संपन्न आहे, त्यांपैकीं असंतोष व्यक्त करणें ही एक होय. कुरकुर, धुसफूस, चडफड, रडगाणें, बोंब, तक्रार, गाऱ्हाणें, फिर्याद असे कितीतरी शब्द तिच्या पदरीं आहेत आणि त्या प्रत्येकाची छटा निराळी आहे. धुसफूस ओठांच्या आंत होते, चडफड एकट्यानें होते, बोंब चवाठ्यावर होते आणि फिर्याद कचेरींत होते. यांपैकीं 'तक्रार' हा शब्द मूळचा अरबी असून तो फारसीच्या वाटेनें मराठींत आला. त्याचा मूळ अर्थ मोठा बोधप्रद आहे. तो अर्थ म्हणजे पुनरावृत्ति. तीच ती गोष्ट पुन्हां पुन्हां होणें अथवा करणें. ज्यांना तक्रारीची संवय जडली आहे, त्यांच्या बोलण्याचें याहून नेमकें वर्णन कोणत्याही कोशकाराला करतां आलें नसतें.

याच्या उलट 'गाऱ्हाणें' हा शब्द पाहावा. कोंकणांत ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालण्याची जुनी चाल आहे. गुरव किंवा गांवचा मानकरी देवापुढें उभा राहतो, गांवावर अगर कुटुंबावर आलेलें संकट मोजक्या शब्दांत सांगतो, काय व्हावें अशी इच्छा आहे तें स्पष्टपणें मागतो, आणि भोंवतालची मंडळी त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" असा रुकार देतात. गाऱ्हाणें संपलें कीं मंडळी आपापल्या कामाला लागतात. या चालींत चार गोष्टी ठळक दिसतात: ऐकणारा कोण हें ठरलेलें असतें, दुःख काय हें ठरलेलें असतें, मागणें काय हें ठरलेलें असतें, आणि बोलण्याला शेवट असतो. कुरकुरींत या चारांपैकीं एकही नसतें. म्हणून तक्रारीची संवय मोडावयाची असें जेव्हां कोणी ठरवितो, तेव्हां त्यानें आपली जीभ कायमची बांधून ठेवावयाची नसते. कुरकुरीचें गाऱ्हाणें करावयास शिकावयाचें असतें.

शहरांत राहणाऱ्या एखाद्या सामान्य सुशिक्षित गृहस्थाचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. सकाळचा चहा संपण्यापूर्वींच त्याची पहिली कुरकुर होऊन जाते. दूध पातळ आहे, वर्तमानपत्र उशिरा आलें, नळाचें पाणी वेळेआधींच गेलें. दहाच्या सुमारास लोकलची गर्दी किंवा रस्त्यावरील खड्डे हा विषय येतो. दुपारीं कचेरींतील वरिष्ठ, सायंकाळीं शेजारच्या बिऱ्हाडांतील टेलिव्हिजनचा आवाज, रात्रीं जेवतांना महागाई आणि निजतांना उकाडा. हा गृहस्थ दुष्ट नाहीं, आळशी नाहीं, कुटुंबावर त्याचें प्रेमही आहे. इतकेंच नव्हे, तर तो जें जें बोलला तें तें अक्षरशः खरें आहे. आणि हीच या संवयीची खरी अडचण होय. खोटें बोलणाऱ्याला आपण खोटें बोलतों हें ठाऊक असतें. दारू पिणाऱ्याला आपल्या हातांत पेला आहे हें दिसतें. परंतु कुरकुर करणाऱ्याला आपण केवळ वस्तुस्थिति सांगत आहों असेंच वाटत असतें. जी संवय संवय म्हणून ओळखूंच येत नाहीं, ती मोडण्याचा विचार तरी कोणाच्या मनांत कसा यावा?

कोणतीही संवय कांहींतरी मोबदला मिळाल्याखेरीज टिकत नाहीं. कुरकुरीचा मोबदला तर रोख मिळतो. पहिली गोष्ट, तिनें संभाषणाला आरंभ होतो. स्थानकावर दोन अनोळखी माणसें गाडी उशिरा आल्याबद्दल बोलूं लागतात आणि पांच मिनिटांत त्यांची ओळख होते. यांत वाईट कांहींच नाहीं. दुसरी गोष्ट, तिनें सहानुभूति मिळते. तिसरी गोष्ट, तिनें माणूस न बोलतां स्वतःला वरच्या पायरीवर बसवितो. "हल्लींचीं मुलें वाचीत नाहींत" असें म्हणणारा स्वतः वाचणारा ठरतो आणि त्यासाठीं त्याला त्या दिवशीं एकही पान उलटावें लागत नाहीं. चौथा मोबदला सर्वांत मोठा आणि सर्वांत घातक आहे. कुरकुर केली म्हणजे त्या बाबतींत आपण कांहीं केलें असें समाधान वाटतें. जिन्यांतील दिवा बंद असल्याबद्दल दहा बिऱ्हाडांतील माणसें महिनाभर बोलतात. दहांच्याही मनाला आपलें कर्तव्य बजावल्यासारखें वाटतें. आणि दिवा बंदच राहतो.

या ठिकाणीं एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. मनांत सांठलेलें बोलून टाकलें म्हणजे मन हलकें होतें, वाफ कोंडून ठेवली तर भांडें फुटतें, असें लोक म्हणतात. ही उपमा मोठी पटणारी आहे. परंतु मन हें शिटीचें भांडें नव्हे. अमेरिकेंतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानें २००२ सालीं याविषयींचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मुद्दाम राग येईल असें करून त्यांतील कांहींना, राग आणणाऱ्या माणसाचें चिंतन करीत, मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारण्यास सांगितलें; कांहींना व्यायामाचा विचार करीत ठोसे मारावयास लावलें; आणि कांहींना नुसतें स्वस्थ बसविलें. ज्यांनीं त्या माणसाचें चिंतन करीत ठोसे मारले त्यांचा राग सर्वांत अधिक राहिला, आणि जे स्वस्थ बसले त्यांचा सर्वांत कमी. त्याच वर्षीं अमांडा रोझ या विदुषीनें शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीविषयींची पाहणी प्रसिद्ध केली. जे मित्र एकमेकांपाशीं आपल्या अडचणींचेंच दळण दळत बसतात, त्यांची मैत्री घट्ट असते, पण त्याबरोबर त्यांच्या मनाची उदासीनताही अधिक असते, असें तींत दिसून आलें. २००७ सालच्या तिच्या पुढील पाहणींत मुलींच्या बाबतींत असें आढळलें कीं, अशा दळणानें कालांतरानें मैत्रीही वाढते आणि उदासीनता व काळजीही वाढते. याचा अर्थ जिवलगापाशीं दुःख सांगूं नये असा नाहीं. एकदां सांगितलेलें दुःख हलकें होतें. तेंच दहादां सांगितलें म्हणजे जड होत जातें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां या संवयीची किंमत कोण देतें तें पाहावें. समजा, एका घरांत वृद्ध वडील आहेत. त्यांचा गुडघा दुखतो, भाजींत मीठ कमी पडतें, पंख्याचा वारा लागतो, पंखा बंद केला तर उकडतें, मुलगा उशिरा येतो, सून फोनवर बोलते. ते हें सर्व दिवसांतून अनेक वेळां सांगतात. घरांतील माणसें प्रथम उपाय करतात, मग उत्तर देतात, मग नुसता हुंकार देतात, आणि शेवटीं ऐकूं येणेंच बंद होतें. मग एके रात्रीं वडील म्हणतात, "आज छातींत कांहीं जड वाटतें." आणि आंतल्या खोलींतून नेहमींचा हुंकार येतो. लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट प्रत्येक मराठी मुलानें ऐकलेली असते. पण त्या गोष्टींतला पोर खोटें बोलत होता. हे वडील एकदांही खोटें बोललेले नाहींत. त्यांचा गुडघा खरोखरच दुखत होता. त्यांनीं फक्त आपल्या माणसांचें लक्ष, जें जपून खर्च करावयाचें धन आहे, तें पै पै करून मिठावर आणि पंख्यावर खर्च करून टाकलें होतें. कुरकुरीनें खऱ्या दुःखाची साक्ष जाते, ही तिची सर्वांत मोठी हानि होय.

दुसरी किंमत घरांतील लहान मुलें देतात. मूल भाषा शिकतें तें शब्दांबरोबर सूरही शिकतें. ज्या घरांत येणाऱ्या पाहुण्याचें पाऊल बाहेर पडतांच त्याची उणीं मोजलीं जातात, तेथील मूल मुळाक्षरें शिकण्यापूर्वीं उणीं मोजावयास शिकतें. पुढें त्याला परीक्षेंत कमी गुण मिळाले म्हणजे तें प्रश्नपत्रिकेला दोष देतें, आणि आईबाप आश्चर्य करतात कीं, हें याला कोणी शिकविलें!

तथापि येथें एका गोष्टीची खूणगांठ बांधून ठेवली पाहिजे. कुरकुर सोडण्याचा उपदेश हा ज्यानें त्यानें स्वतःला करावयाचा आहे. धन्यानें नोकराला, सासूनें सुनेला, अधिकाऱ्यानें कनिष्ठाला "तक्रार करूं नकोस" असें सांगणें हा बहुधा उपदेश नसून जुलूम असतो. ज्याच्या हातीं परिस्थिति बदलण्याचें सामर्थ्य आहे त्यानें समोरच्याचें गाऱ्हाणें ऐकलेंच पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलें ती कुरकुर नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां शतकांचें गाऱ्हाणें कृतींत उतरलें. अन्याय सोसणाराला मौन शिकविणारें समाधान कोणत्याही शास्त्राला संमत नाहीं.

किंबहुना महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा पायाच नीट मांडलेल्या गाऱ्हाण्यावर उभारलेला आहे. पुण्यांत पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष होता. तो ओट्याओट्यांवरील गप्पांत जिरून जावयाचा. पण तसें न होतां त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढें 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले, हे तिचे प्राण होते. या सभेचा एक नियम आजही मनन करण्यासारखा आहे. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे, असा तो नियम होता. म्हणजे तक्रार करण्यापूर्वीं ती कोणाच्या वतीनें आहे हें सिद्ध करावें लागे. पुढें १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां या सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली.

महात्मा गांधींनीं १९१५ सालीं हिंदुस्थानांत परत आल्यावर आगगाडीच्या तिसऱ्या वर्गानें प्रवास केला, आणि १९१७ सालीं त्या वर्गाच्या उतारूंच्या हालांवर लेख लिहिला. त्यांत रेल्वेच्या कारभारावर कडक टीका आहे. पण उतारूंच्या स्वतःच्या घाणेरड्या संवयींनाही त्यांनीं वगळलेलें नाहीं. गाऱ्हाण्यांत आपला वाटा मांडण्याचें हें धैर्य कुरकुरींत कधींच सांपडत नाहीं. आजच्या काळीं तर सामान्य माणसाला साधनें पुष्कळ आहेत. ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा १९८६ सालीं झाला आणि त्याच्या जागीं २०१९ सालचा नवा कायदा आला. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला. ग्राहक आयोगाकडे दाद मागावयाची ती, तसेंच सबळ कारण नसेल तर, दोन वर्षांच्या आंत मागावी लागते. खराब निघालेल्या शीतकपाटाविषयीं तीन वर्षें प्रत्येक पाहुण्यापाशीं बोलत राहणाऱ्या माणसानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्याच्या बोलण्यानें पाहुण्यांची करमणूक झाली, पण त्याच्या हक्काची मुदत मात्र संपून गेली.

ज्यांनीं सरकारविरुद्ध सर्वांत मोठ्यानें गाऱ्हाणीं मांडलीं, त्यांनीं स्वतःच्या वाट्याचे हाल कसे घेतले हेंही पाहण्यासारखें आहे. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांची प्रकृति नाजूक होती. पण त्या दिवसांवर त्यांनीं जें पुस्तक लिहिलें, तें तुरुंगांतल्या हालांची हकीकत असूनही रडगाणें नाहीं. १९०८ सालीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागण्यांत आली, म्हणजे जें गाऱ्हाणें योग्य जागीं मांडावयाचें तें मांडण्यांत आलें. तें फेटाळलें गेल्यावर मंडालेच्या तुरुंगांत मधुमेहासारखा विकार सोशीत त्यांनीं १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहून काढलें. सामान्य माणसाला मंडाले नको आणि गीतारहस्यही नको. पण कोणतें दुःख कोठें सांगावें आणि उरलेल्या वेळाचें काय करावें, एवढें त्यापासून शिकतां येईल.

आतां प्रत्यक्ष उपायांचा विचार. पहिला उपाय म्हणजे मोजणें. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील विल बोवेन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें २००६ सालीं आपल्या मंडळींना एक युक्ति सांगितली. मनगटांत एक जांभळें कडें घालावें. तोंडांतून तक्रार निघाली कीं तें काढून दुसऱ्या मनगटांत घालावें. आणि तें एकाच हातांत सलग २१ दिवस राहीपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्यासाठीं जांभळें कडेंच पाहिजे असें नाहीं. सदऱ्याच्या डाव्या खिशांतलें नाणें उजव्या खिशांत टाकलें तरी चालेल. पहिल्या दिवशीं तें नाणें किती वेळां फिरतें, हें पाहूनच माणूस अर्धा शहाणा होतो. या युक्तींत एक मर्म आहे. मोजावयाची ती बोललेली तक्रार, मनांत आलेली नव्हे. मनांत येणारा विचार दडपूं गेल्यास तो अधिकच डोकें वर काढतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका असें सांगितलें. तर तें अस्वल त्यांच्या मनांतून हलेना! म्हणून विचाराशीं झगडूं नये, जिभेपाशीं थांबावें.

दुसरा उपाय म्हणजे बोलण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारणें. हें ऐकणारा माणूस याबाबत कांहीं करूं शकतो काय? त्यानें काय करावें असें आपलें मागणें आहे? आणि हें त्याला पूर्वीं सांगून झालें आहे काय? पहिल्या दोहोंचें उत्तर मिळालें आणि तिसऱ्याचें 'नाहीं' असें आलें, तर अवश्य बोलावें, स्पष्ट बोलावें. "या घरांत कोणाला माझी पर्वाच नाहीं" असें म्हणण्याऐवजीं "उद्यां सकाळीं सातला मला दवाखान्यांत घेऊन चल" असें म्हणावें. दुसऱ्या वाक्यांत शब्द थोडेसेच अधिक आहेत, पण त्याला उत्तर देतां येतें.

तिसरा उपाय म्हणजे गाऱ्हाण्याची वही. जें खटकेल तें एका ओळींत लिहून ठेवावें आणि आठवड्यांतून एकदां, रविवारीं सकाळीं म्हणा, वही उघडून बसावें. तीन रकाने करावेत: स्वतः करावयाचें, दुसऱ्याकडे मागावयाचें आणि सोसावयाचें. जन्मानें गुलाम आणि पायानें अधू असा एपिक्टेटस नांवाचा एक तत्त्ववेत्ता रोमच्या साम्राज्यांत होऊन गेला. आपल्या हातीं काय आहे आणि काय नाहीं हा भेद ओळखणें, हेंच त्याच्या शिकवणुकीचें मूळ होतें. वहींतल्या पुष्कळ ओळी रविवारपर्यंत आपोआप शिळ्या झालेल्या असतात. ज्या उरतात त्यांच्यापैकीं एकीचा तरी त्याच दिवशीं अर्ज, पत्र किंवा काम करून टाकावें. उकाडा, पाऊस आणि वार्धक्य यांना मात्र तिसऱ्या रकान्यांत जागा द्यावी.

चौथा उपाय योगसूत्रांत सांगितलेल्या प्रतिपक्षभावनेचा होय. मनांत वाईट विचार उठला तर त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार बुद्ध्याच उभा करावा, असें पतंजलीचें मत आहे. दूध पातळ आलें हें खरें. तें पावसांत भिजत वेळेवर आणून देणारा माणूसही खराच. त्याच पतंजलीनें पांच नियमांत संतोष गणला आहे, पण त्याच्या पाठोपाठ तप सांगितलें आहे. म्हणजे संतोष म्हणजे हातपाय आंखडून बसणें नव्हे.

या कामीं उतावीळ होऊं नये. २१ दिवसांत संवय मोडते असा समज पसरलेला आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनीं ९६ लोकांवर केलेल्या व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, एखादी नवी संवय अंगवळणीं पडण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागले; कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यांत असेंही दिसलें कीं, मध्यें एखादा दिवस चुकला म्हणून केलेलें सर्व फुकट जात नाहीं. म्हणून नाणें दुसऱ्या खिशांत गेलें तरी खट्टू न होतां पुढें चालावें. तसेंच दुसऱ्याचीं नाणीं मोजूं नयेत. नवरा बायकोच्या आणि बायको नवऱ्याच्या तक्रारी मोजूं लागली, तर घरांत एका तक्रारीची भर मात्र पडेल.

आणखी एक सावधगिरी. जो माणूस पूर्वीं हंसून खेळून होता आणि आठवडेच्या आठवडे ज्याच्या तोंडीं निराशेवांचून दुसरें कांहीं नाहीं, झोंप आणि भूक हीं ज्याचीं उडालीं आहेत, त्याला संवय नसून आजार असण्याचा संभव आहे. त्याला उपदेशाची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. तसेंच जुनें दुखणें बाळगणाऱ्या माणसाच्या कण्हण्याला कोणी कुरकुर म्हणूं नये.

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत करंटलक्षण सांगितलें आणि लगेच पुढच्या समासांत सदेवलक्षण सांगितलें. नुसतें करंटेपण दाखवून ते थांबले नाहींत. पाठोपाठ भाग्याची वाटही त्यांनीं दाखविली. दोष दाखविणाऱ्या प्रत्येकानें हा क्रम घ्यावा. जो गृहस्थ कांहीं महिने ही साधना करील, त्याच्या भोंवतालचे खड्डे बुजणार नाहींत आणि लोकलही रिकामी होणार नाहीं. परंतु जिन्यांतल्या बंद दिव्यासाठीं त्यानें एक अर्ज लिहिलेला असेल. आणि ज्या दिवशीं तो घरांत म्हणेल, "आज मला बरें वाटत नाहीं," त्या दिवशीं आंतल्या खोलींतून हुंकार न येतां माणूस येईल.